परातीतलं मुंडकं आणि करमणूकसाहेब

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि सुट्टीत मी मुंडकं झालो.

मी थट्टा करतोय असं कुणाला वाटेल, पण थट्टा मला फारशी जमत नाही. मी खरोखरच मुंडकं झालो होतो. पितळी परातीत ठेवलेलं, मानेतून तुटलेलं, ओठ निळे, गाल पांढरे, आणि विचारलं तर बोलणारं. खाली धड नाही!

त्याचं असं झालं. माझा किसनमामा जत्रांमधून ‘बोलतं मुंडकं’ हा खेळ लावायचा. काळ्या कापडाचा तंबू, आत एक टेबल, टेबलावर परात, परातीत मुंडकं. टेबलाच्या पायांमधून आरपार दिसायचं. बायका तोंडावर पदर धरायच्या, गडीमाणसं उगाच खाकरायची, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभी राहायची.

यातली युक्ती आता सांगायला हरकत नाही. टेबलाच्या पायांत दोन मोठे आरसे तिरके बसवलेले असत. समोरच्या माणसाला त्यांत तंबूच्या बाजूंचं काळं कापड दिसायचं आणि वाटायचं, टेबलाखाली मोकळंच आहे. मुंडक्याचं उरलेलं सगळं आरशांमागे उकिडवं बसलेलं असायचं. फक्त टेबलापुढे बांधलेली दोरी कुणी ओलांडता कामा नये. कारण कोपऱ्याकडून कुणी टेबलाखाली वाकलं, की त्याला आरशात स्वतःचंच तोंड दिसायचं!

हे मुंडकं एरवी मामाचा थोरला मुलगा बबन असायचा. पण त्या वर्षी ऐन जत्रेत बबनला गालगुंड झालं. दोन्ही गाल असे फुगले की परातीच्या भोकातून डोकं वर येईना. मामाने तेल लावून पाहिलं. डोकं वर आलं, पण मग खाली जाईना! बबन तासभर परात गळ्यात घालून रडत हिंडला. शेवटी मामीने कशीतरी ती काढली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मला नाही जमणार,” मी म्हणालो. “मी कॉलेजात जातो.”

“मग?” मामा म्हणाला. “कालेजात मुंडकं लागत न्हाई व्हय?”

“मामा, कुणी ओळखीचं आलं तर?”

आई चुलीपुढे बसली होती. मागे न वळता ती म्हणाली, “दत्ता, नगरला तुझ्या खानावळीचं पैसं कोन भरतं? मामाच ना? त्यानं तुला दोन वक्ताची भाकर दिली. तू त्याला नुसतं मुंडकं देईनास? ते बी उसनं?”

मी तयार झालो. आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेला मी पहिला. वडिलांची जमीन कोरडवाहू, त्यात ते दुष्काळाचं वर्ष. मुंडकं बोललं तर खाणावळ, आणि खाणावळ असेल तर कॉलेज, हे साधं गणित होतं. तंबू गेला असता तर मलाही हातोडा घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जावं लागलं असतं.

आणि तंबू जाण्याची भीती होतीच. त्या भीतीचं नाव करमणूकसाहेब.

खेळ-तमाशांवर सरकारचा करमणूक कर असायचा. तिकिटावर सरकारी शिक्का लागायचा, आणि तो नसेल तर सामान जप्त. तो तपासायला येणारे निरीक्षक म्हणजे करमणूकसाहेब. (या गृहस्थांना हसताना अख्ख्या जामखेड तालुक्यात कुणी पाहिलं नव्हतं.) मामाची तिकिटं पतंगाच्या कागदाची. त्यावर शिक्का मामीच्या कुंकवाच्या बोटाचा!

मला हे बरं वाटत नव्हतं. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला करांवर एक पूर्ण प्रकरण होतं आणि मी ते पाठ केलं होतं. मी भीत भीत म्हणालो, “मामा, कर हे नागरिकाचं कर्तव्य आहे.”

“आमी कुटं न्हाई म्हनतो?” मामा म्हणाला. “भरू की! आदी त्यास्नी आमी कोन ते तर घावू दे.”

आणि घावणंच अवघड होतं. साहेबांची जीप दिसली की जत्रेत एकही मालक उरत नसे. पाळण्याला मालक नाही, तमाशाला मालक नाही, दोन तोंडांच्या वासरालाही मालक नाही. सगळी जत्रा पोरकी! साहेबांनी विचारलं, “मालक कोण?” तर उत्तर एकच, “मालक जेवाया गेल्यात.” दोन तासांनी विचारलं तरी जेवणच चाललेलं. एवढ्या दुष्काळात एवढं जेवण जिल्ह्यात फक्त मालकांनाच मिळत असावं.

म्हणून साहेबांनी आपली एक रीत काढली होती. ते प्रश्न विचारायचे आणि उत्तराकडे लक्षच द्यायचे नाहीत. उत्तर देणाऱ्याची नजर कुणाकडे वळते तेवढं बघायचे. जीभ खोटं बोलते, बुबुळ बोलत नाही! असे त्यांनी बरेच मालक जेवणावरून उठवले होते.

त्या वर्षी त्यांनी आणखी एक केलं. जीप गावाबाहेर ठेवली, कोतवालाकडून धोतर आणि एक भलंमोठं पागोटं मागून घेतलं आणि मिशीला रस्त्यावरची धूळ लावली. हा वेष त्यांनी बहुधा घाईत आणि आरशाशिवाय केला असावा. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

दिवेलागणीची वेळ होती. मामाने माझ्या तोंडाला राख आणि मैदा फासला, ओठांना नीळ लावली आणि मानेभोवती काकवीत कालवलेलं कुंकू ओतलं.

“काकवी कशाला?”

“रगात घट दिसतं. आता ऐक. कोन बी काय बी इचारलं तरी येकच बोलायचं. ‘मी खर्ड्याच्या लढाईत पडलेला शिपाई. माझं धड शोधतोय.’ आन् आभाळ कोसळलं तरी हालायचं न्हाई. तू हाललास का आरसा हालला, आन् आरसा हालला का तुझी खानावळ हालली!”

मी परातीतून डोकं वर काढलं. गळ्याला पितळ गार लागलं. मामाने गॅसबत्ती बारीक केली, पडदा ओढला, आणि एकाएकी सगळं शांत झालं.

ती शांतता मला अजून आठवते. बाहेर ढोल वाजत होते, पण त्या जाड कापडातून ते कुठल्यातरी दुसऱ्या गावात वाजताहेत असं वाटत होतं. चहूकडे काळं. थोड्या वेळाने पाय बधिर झाले, मग कंबर, मग हात. मी बोटं हलवायचा प्रयत्न केला आणि ती हलली की नाही हे मला कळेना. मनात आलं, खाली खरंच काही उरलं आहे ना? खाली वाकून खात्री करून घेता येत नव्हती. मुंडक्याला तेवढं एकच करता येत नाही.

त्यातच काकवीला मुंग्या लागल्या.

मुंग्या गळ्यावरून हनुवटीवर, तिथून गालावर, आणि तिथून डोळ्याकडे निघाल्या. तुटलेल्या मुंडक्याला मुंगी झटकता येत नाही! मी बुबुळं गरागरा फिरवली, नाकपुड्या फेंदारल्या, ओठ वाकडे केले. लोक मागे सरकले. एक बाई “आयो!” म्हणून खालीच बसली. बबनला इतक्या वर्षांत हे जमलं नव्हतं, असं मामा नंतर म्हणाला.

एका म्हातारीने मात्र धीर केला. दोरीला धरून तिने विचारलं, “बाबा, आवंदा पाऊस पडंल का रं?”

मामाने शिकवलेलं उत्तर इथे बसत नव्हतं, आणि खोटं सांगायला जीभ वळेना. मी म्हणालो, “मला माहीत नाही, आजी.”

तिने दोरी सोडली. “मरून बी काय कळंना व्हय तुला? मग मेलास कशाला?”

लोक हसले आणि पडद्याबाहेर गेले. एक माणूस तेवढा गेला नाही. भलंमोठं पागोटं आणि धुळीने पांढरी झालेली मिशी. तो अगदी शांत उभा होता.

“खेळ संपला, पावनं,” मामा म्हणाला.

“माझा आता सुरू होतोय,” तो माणूस शुद्ध बोलला. “मी करमणूक कर निरीक्षक.”

मामाच्या जागी एकदम पडदाच हलताना दिसला. मामी, तिकिटं, गल्ल्याचा डबा, सगळं गेलं. बाहेर कुणीतरी “मालक जेवाया गेल्यात!” असं कुणीही न विचारता ओरडलं.

तंबूत आम्ही दोघंच उरलो. साहेब आणि मुंडकं.

आता मुंडक्याला पळता येत नाही, ही माझी अडचण. आणि पंचनामा कुणाचातरी करावाच लागतो, ही साहेबांची. त्यांनी धोतराच्या ओच्यातून कागद आणि पेन्सिल काढली.

“नाव?”

“मी खर्ड्याच्या लढाईत पडलेला शिपाई,” माझा आवाज चिरकला. “माझं धड शोधतोय.”

“खर्ड्याच्या लढाईला पावणेदोनशे वर्षं होत आली.”

“होय, सर.” (इतिहास हा माझा दुसरा विषय होता.)

“म्हणजे पावणेदोनशे वर्षं खेळ चालू आहे आणि एकदाही कर भरलेला नाही.” त्यांनी ते लिहून घेतलं. “इथे सही कर.”

“हात नाहीत, सर.”

“मग अंगठा.”

“तोही हातालाच असतो, सर.”

साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग आवाज खाली आणून आपला नेहमीचा प्रश्न टाकला. “मालक कोण?”

त्याच क्षणी टेबलाखाली, आरशांच्या मागच्या त्या अंधारात, एका हाताने माझा घोटा धरला.

गार, ओलसर हात. बधिर झालेल्या पायालाही तो कळला. माझी नजर, मी कितीही नको म्हटलं तरी, खाली वळली.

साहेबांना तेवढंच हवं होतं! “हं!” ते म्हणाले. “खाली का?” आणि दोरी ओलांडून ते कोपऱ्याकडून टेबलाखाली वाकले.

मला ओरडावंसं वाटलं, पण खाणावळ आठवली.

“सापडलास!” साहेब गरजले. “बाहेर ये! पागोटेवाल्या, तुलाच म्हणतोय!”

मला क्षणभर कळेना. मग कळलं. साहेबांना आरशात अंधारातून आपल्याकडे रोखून बघणारा एक पागोटेवाला दिसत होता. असा माणूस त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. सकाळपर्यंत तो नव्हताच!

“नाव काय तुझं?”

पागोटेवाल्याचे ओठ हलले असणार, पण आवाज आला नाही.

“मोठ्याने बोल! मालक तूच ना? खोटं बोलू नकोस, नजर कुठे वळते ते मी बघतोय!” पण त्याची नजर कुठेच वळेना. ती साहेबांवरच खिळलेली. साहेबांनी बोट रोखलं, त्यानेही बोट रोखलं. साहेबांनी मान तिरकी केली, त्यानेही केली. वर गॅसबत्ती फरफरली आणि तंबूभर सावल्या हलल्या.

“तू... तू कोण आहेस?” साहेबांचा आवाज आता पुष्कळच खाली आला होता.

इतक्यात टेबलाखालून शिंक आली.

चांगली सणसणीत शिंक! आणि ती येताना पागोटेवाल्याचं तोंड, साहेब स्वतः तोंड मिटून असल्यामुळे, घट्ट मिटलेलं. तोंड न उघडता शिंकणारा माणूस साहेबांनी त्या रात्रीपर्यंत पाहिला नसावा. त्यांच्या हातातली पेन्सिल गळून पडली.

मला त्यांची फार दया आली. माणूस भ्यायला असेल तर त्याला खरं काय ते सांगावं, असं मला शाळेपासून शिकवलेलं आहे. म्हणून मी, परातीतून, शक्य तितक्या हळू आणि प्रेमळ आवाजात, निळ्या ओठांनी म्हणालो:

“सर, घाबरू नका. ते तुम्हीच आहात.”

पुढचं मी फक्त ऐकलं, कारण साहेबांनी जाताना मधला खांब नेला आणि तंबू माझ्या डोक्यावर बसला. बाहेर मडकी फुटल्याचा आवाज झाला, मग दूरवर जीप सुरू होण्याचा. मी परात गळ्यात घालून काळ्या कापडाखाली गुदमरत होतो. माझा घोटा आता कुणी धरलेला नव्हता.

रात्री भाकरी कुणाला गेली नाही. मामा भिंतीला टेकून बसला होता. “उद्या येत्याल. तंबू नेत्याल, आरसं नेत्याल. दत्ता, लेका, मुंडक्यानं सरळ ‘ठावं न्हाई’ म्हनून गप ऱ्हायाचं! तू त्यास्नी धीर द्याया कशाला गेलास?”

“ते घाबरले होते, मामा.”

“सरकार भ्यालं तर भिऊ द्यावं की जरा!”

आईने माझी पुस्तकं फडक्यात बांधून फळीवर ठेवली, अगदी वर, जिथे न लागणाऱ्या वस्तू ठेवतात.

तंबू आम्ही रात्रीच कसाबसा पुन्हा उभा केला होता; सकाळी जीप थेट त्याच्यापुढे थांबली. साहेब त्यांच्या नेहमीच्या पोशाखात होते, सोबत तलाठी. चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा. आम्ही सगळे रांगेत उभे. मी तोंड तीनदा धुतलं होतं.

“मालक कोण?”

“जेवाया गेल्यात,” मामा म्हणाला. सकाळचे सात वाजले होते.

साहेबांनी या वेळी कुणाच्या नजरेकडे पाहिलं नाही. त्यांनी परात मागवली. ती हातात धरली आणि रांगेतल्या एकेकाच्या हनुवटीखाली धरून, डोळे बारीक करून, नीट बघायला सुरुवात केली! मामा झाला. मामीने पदर पुढे ओढला. बबनच्या हनुवटीखाली धरली, पण तिथे हनुवटी आणि गाल यांत सीमाच उरली नव्हती. मग ते माझ्यापुढे आले.

मी ठरवलं होतं, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. पण गार पितळ गळ्याला लागलं मात्र, माझी बुबुळं आपोआप वर गेली आणि माझ्या तोंडून आलं, “मी खर्ड्याच्या लढाईत पडलेला शिपाई...”

“हाच,” साहेब म्हणाले.

मामाने कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी मला दंडाला धरून तंबूच्या मागे नेलं. मला वाटलं, आता बेड्या. पण तिथे कुणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, “काल टेबलाखाली कोण होतं? खरं सांग. माझी आई म्हणायची, माणसाला आपलाच चेहरा दुसरीकडे दिसला की त्याचे दिवस भरले. रात्रभर डोळा लागलेला नाही.”

मी त्यांना आत नेऊन आरसे दाखवले. ते बराच वेळ समोर उभे राहिले. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मग करमणूकसाहेब हसले! आवाज झाला नाही, फक्त मिशी हलली, पण मी पाहिलं.

“कर भरावा लागेल,” ते म्हणाले. “आजपासून शिक्क्याची तिकिटं. मग जप्ती करत नाही.”

मामाने बाहेरून ऐकलं असावं, कारण तो एकदम जेवून परत आला. “भरू की, सायेब! आमी कुटं न्हाई म्हनतो?”

“फक्त एक,” साहेब जाता जाता थांबले. “आरसे समजले. पण ती शिंक?”

“ती मामांची,” मी म्हणालो. “ते खाली लपले होते. माझा घोटा धरला होता त्यांनी. हात किती गार होता, मामा!”

मामा पुढे झाला. “मी? मी कशाला टेबलाखाली यीन? मी कुंभाराच्या मडक्यांमागं हुतो. सायेब पळताना माज्याच अंगावर पडलं की!”

साहेबांनी आपल्या खरचटलेल्या कोपराकडे पाहिलं. मग मामाच्या कपाळावरच्या टेंगळाकडे. मग आम्ही तिघांनी एकदमच त्या टेबलाकडे पाहिलं. सकाळचं ऊन होतं, तरी आत, आरशांच्या मागे, काळंच दिसत होतं. दूर खर्ड्याच्या किल्ल्याचा बुरूज उन्हात पांढरा पडला होता.

“धड शोधतोय...” मामाच्या मागोमाग आत आलेला तलाठी पुटपुटला.

“कागद बाहेर करू,” साहेब घाईने म्हणाले. “उन्हात.”

बाहेर जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी विचारलं, “खेळ कुणाच्या नावावर लावू?” मामाचं तोंड सवयीने म्हणालं, “मालक जेवाया...” आणि मग त्यानेच जीभ चावली. पण मामाला सही येत नव्हती, बबनच्या गालांमुळे त्याचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, आणि आमच्या माणसांत पूर्ण नाव लिहिता येणारा मी एकटाच होतो. मी सही केली. साहेबांनी ती तीनदा तपासली आणि मला दोन हात आहेत याची खात्री करून घेतली.

माझी खाणावळ वाचली. आईने पुस्तकं फळीवरून खाली काढली. पुढे मी पदवीधर झालो तेव्हा आमच्या घराण्यातला पहिला म्हणून गावाने माझा सत्कारही केला. पण त्याच्या कितीतरी आधी मी आमच्या घराण्यातला पहिला करदाता झालो होतो, हे तेव्हा भाषणात कुणी सांगितलं नाही. सरकारी कागदावर ते अजून असेल. साहेबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भरलेलं. नाव माझं, गाव माझं, आणि पुढे, व्यवसाय: मुंडकं.